आजोबांचा गंजलेला वस्तरा: पॉलिशवाल्याकडे जाण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या साखर पेठेतल्या जुन्या घराची आवराआवर करताना पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा निघाला. आजोबा मिलमध्ये होते आणि दाढी घरीच करायचे. पातं गंजलंय, मूठ पिवळट ठिपक्यांची आणि एका अंगाने चिकट झालीय. पात्याच्या मानेवर, म्हणजे धार संपते तिथून मुठीपर्यंतच्या भागावर, 'सोलिंगेन' आणि 'जर्मनी' एवढं वाचता येतं. याने पुन्हा दाढी करता येईल का, किती जुना असेल, आणि व्हिडिओत सांगतात तसा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून मग भांडी पॉलिश करणाऱ्याकडून चमकवून आणू का?

फोटो तिन्ही नीट पाहिले. दाढी होईल असं माझं मत आहे, नव्वद टक्के. पण व्हिनेगरची बाटली परत ठेवा आणि पॉलिशवाल्याच्या रस्त्याने जाऊच नका. वस्तरे गंजाने जेवढे मेले नसतील तेवढे चमकवण्याच्या हौसेने मेलेले मी पाहिलेत. त्यातला एक मीच मारलाय.

आमचं दाढी-कटिंगचं दुकान आजोबांपासूनचं. मी एकोणीस वर्षांचा असताना वडिलांच्या धोकटीतला एक इंग्लंडातल्या शेफिल्डचा जाड वस्तरा दिवाळीच्या तोंडावर गुपचूप पॉलिशला नेला. वडील खूश होतील असं वाटलं होतं. त्या माणसाने मोटरच्या चाकावर पातं टेकवलं, ठिणगीसुद्धा उडाली नाही, दोन मिनिटांत आरसा करून हातात दिलं. संध्याकाळी वडिलांनी ते दिव्याखाली धरलं आणि सावकाश तिरकं केलं. टोकापासून बोटभर अंतरात धारेच्या कडेने मोरपिसासारखी निळसर झाक होती. "अरे, पाणी गेलं याचं," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा. पोलाद लाल तापवून विझवतात, मग पुन्हा बेतानेच, दोनशे अंशांच्या आतबाहेर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. त्यापुढे उष्णता गेली की रंग बदलत जातो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि साधारण ३०० अंशांना निळा. निळा दिसला की तिथलं पोलाद मऊ पडलं. वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की चाकाखाली ती एका श्वासात तापते. पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, हाताला गारच लागते, म्हणून कळतही नाही. वरचा निळा रंग घासून काढता येतो, गेलेलं पाणी परत येत नाही. एवढं पातळ पातं पुन्हा तापवून विझवलं तर ते वाकडं होतं. तो वस्तरा मी टाकला नाही. शिकायला येणाऱ्या पोरांना तो रंग दाखवायला ठेवलाय.

व्हिनेगरचं वेगळं. ते गंज खातं हे खरं, पण गंज संपल्यावर थांबत नाही. उघडं पोलाद राखाडी, खरबरीत होतं, आणि सगळ्यात पातळ भाग म्हणजे धार, ती सगळ्यात आधी झिजते. मशीनला चालेल, कुलपाला चालेल, वस्तऱ्याला नाही.

आता आधी काय करायचं ते. शिलाई मशीनचं तेल घ्या, पात्याला दोन्ही अंगांनी लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी जुन्या टॉवेलच्या तुकड्याने पुसा. सोलापुरात टॉवेलचा तुकडा कुठून आणू असं कोणी विचारणार नाही. पुसताना हात नेहमी पाठीकडून धारेकडे, कधीच धारेवरून आडवा नको. सुटा लाल गंज एवढ्यानेच निघतो. खाली काळे डाग राहतील. काळा डाग हा शांत झालेला गंज, तो पुढे खात नाही. लाल आणि भुसभुशीत असतो तो अजून जिवंत.

मग भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं दहापट दाखवणारं मिळतं, स्वस्त असतं. टॉर्च बाजूने धरा आणि टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत धारेवरून नजर चालवा. पात्याच्या पोटावर, पाठीवर, मानेवर कितीही खड्डे असले तरी दाढीला त्याने काही फरक पडत नाही. धारेच्या रेषेत खड्डा असेल तर मात्र तिथे धार टिकणार नाही, कारण दगडावर घासलं की त्याची भिंत ढासळते. तुमच्या दुसऱ्या फोटोत टोकाकडे एक काळा ठिपका दिसतो. अंदाजाने धारेपासून मिलिमीटरभर वर आहे. तो वरवरचा असेल तर सोडून द्या. खोल असेल तर धार तिथवर मागे घ्यावी लागेल, आणि ते परवडतं का, हे मोजून ठरवायचं.

मोजायचं असं. पात्याची रुंदी पाठीपासून धारेपर्यंत, आणि पाठीची जाडी. वस्तऱ्याला वेगळा कोन धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासतात, त्यामुळे कोन घडणीतच ठरलेला असतो. रुंदी भागिले जाडी साधारण सव्वातीन ते साडेतीनच्या आसपास आली की धारेचा कोन १६ ते १८ अंश पडतो, आणि दाढीला तो छान. जुन्या लोकांनी रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजली, म्हणून वस्तरे 'पाच अष्टमांश', 'सहा अष्टमांश' असे ओळखतात. तुमचा पाच अष्टमांश वाटतो, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. पाठ साडेचार मिलिमीटर धरली तर कोन १६ अंशांच्या जरा वर. एक मिलिमीटर घालवला तर १५ रुंदीला तो १७ अंशांच्या थोडा पुढे जातो. म्हणजे मिलिमीटरभर गेला तरी चालेल. पण दोन्ही आकडे तुम्ही स्वतः कॅलिपरने मोजा, माझे फोटोवरून आहेत. पाठीवर दोन्ही अंगांना रुंद, चपट्या पट्ट्या दिसल्या तर कोणीतरी दगडावर दाबून दाबून पाठ खाल्लीय असं समजा. टाचेकडे एक रुंदी आणि टोकाकडे दुसरी, हाही त्याच हाताचा गुण.

धारेची रेषा काचेच्या तुकड्यावर हलकेच टेकवून बघा. मध्ये किंचित फुगीर, म्हणजे हसरी असेल तर उत्तम. मी तर अशीच पसंत करतो. मध्ये आत गेलेली, म्हणजे रुसलेली असेल तर आधी सरळ करावी लागते, आणि त्यात रुंदी जाते.

सगळ्यात मोठी भीती तड्याची. खोलगट घासलेल्या, पातळ पोटाच्या पात्यात केसाएवढी तड धारेपासून वर जाते आणि गंजाखाली लपते. वडील पात्याची शेपटी, म्हणजे मागचं निमुळतं टोक, चिमटीत धरून पाठीवर नखाने टिचकी मारायचे. निरोगी पातं टिंग करतं आणि आवाज जरा रेंगाळतो. तडकलेलं बद्द वाजतं. मुठीची खीळ, म्हणजे पातं जिच्यावर फिरतं ती, सैल असली तरी आवाज बद्द येतो, म्हणून पातं मुठीला टेकू देऊ नका. शंका राहिली तर पात्याला पातळ तेल लावून दहा मिनिटं ठेवा, कोरडं लख्ख पुसा आणि वर टाल्कम पावडर भुरभुरा. तड असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येऊन पावडरीत काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर तो वस्तरा काचेच्या कपाटात ठेवायचा. गालावर लावायचा नाही, कितीही प्रेमाचा असो.

किती जुना? 'सोलिंगेन' हे जर्मनीतलं गाव आहे, कंपनी नव्हे; सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांचं. १९३८मध्ये तर कायदाच झाला की हे नाव तिथल्याच मालावर छापायचं. 'जर्मनी' हे इंग्रजीत लिहिलंय यावरून माल परदेशी पाठवायला केलेला. ब्रिटनने १८८७च्या कायद्याने आणि अमेरिकेने १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव मागायला सुरुवात केली. त्यामुळे नुसतं 'जर्मनी' असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. 'वेस्ट जर्मनी' असतं तर १९४९ ते १९९०च्या मधला ठरला असता. शेफिल्डच्या मालावर राजा-राणीची आद्याक्षरं असतात, त्यावरूनही ताळा लागतो. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१.

मानेच्या दुसऱ्या बाजूला हात धरून उभ्या दोन माणसांसारखं काही दिसतंय असं तुम्ही लिहिलंत. जुळ्यांचं ते चिन्ह हेंकेल्स घराण्याचं. पेटर हेंकेल्सने सोलिंगेनमध्ये १७३१ साली नोंदवलेलं. खरंच ते असेल तर वस्तरा चांगल्या घरातला आहे. पण नामांकित चिन्हांच्या नकला तेव्हाही व्हायच्या, म्हणून ठसा स्वच्छ झाल्याशिवाय फुशारकी मारू नका. आणि त्यासाठीच सांगतो, मानेवर पॉलिश पेपर फिरवायचा नाही. तिथे फक्त तेल आणि जुना टूथब्रश. ठसा गेला की वस्तऱ्याचा जन्मदाखला गेला. विकायला काढाल तर फार मोठा आकडा येईल असं मला वाटत नाही. हे वस्तरे लाखोंनी बनले. तुमच्यासाठी त्याची किंमत आजोबांची आहे, त्यात मी पडत नाही.

मुठीकडे येऊ. तुमच्या फोटोंत मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. पिवळट, कासवाच्या पाठीसारखे ठिपके, एका अंगाने चिकट, आणि पातं मिटल्यावर मुठीत जेवढं झाकलं जातं तेवढ्याच भागावर गंज. हे सेल्युलॉइडचं लक्षण आहे. मूठ दोन फळ्यांची असते; त्यातली एक फळी कोमट पाण्यात धरून अंगठ्याने चोळा. कापराचा वास आला तर खात्री. काही लोक तापलेली सुई टोचून बघायला सांगतात. शिंगाला टोचली तर केस जळल्यासारखा वास येतो आणि विषय संपतो, पण सेल्युलॉइड भडकन पेटतं. सुई टोचू नका. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती पातं खाते, शेजारी ठेवलेले दुसरे वस्तरेही खाते. म्हणून ही मूठ काढायचीच. पिशवीत घालून वेगळी ठेवा, देवघराजवळ किंवा गॅसजवळ नको.

(कोणाकडे हस्तिदंती मूठ निघाली तर तिची खरेदी-विक्री करू नका. वन्यजीव कायद्यात ती गुन्हा आहे.)

मूठ काढताना खीळ ओढून काढू नका. एका बाजूचं डोकं बारीक कानशीने सपाट करायचं, वायसर सुटला की दीड मिलिमीटरच्या पंचने हलके ठोकायचं. त्याआधी धारेवर कागदी चिकटपट्टी दुमडून लावा. माझ्या डाव्या तळहातावर या कामाची जी आठवण आहे ती पट्टी न लावण्याची आहे. नवी मूठ शिसवीची करा, शिंगाची करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात शिंग सुकून तडकतं, म्हणून मी शिसवीच्या बाजूने. फळ्या प्रत्येकी साधारण तीन मिलिमीटर. मागच्या टोकाला दोन फळ्यांमध्ये पाचर बसवायची, एका कडेला किंचित निमुळती, म्हणजे फळ्या पात्याला हलके धरून ठेवतात आणि पातं मिटताना मधोमध बसतं. नवी खीळ पितळी तारेची, १.६ मिलिमीटरची, दोन्हीकडे वायसर. छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने टुक टुक करत डोकं पसरवायचं. एक मोठा घाव घातला की फळी फुटते. पातं उघडताना थोडा विरोध जाणवला पाहिजे. आपल्या वजनाने पडत असेल तर सैल आहे.

गंज काढायचं काम हाताने, तेलात, आणि बसून. ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, १०००, २०००. कागद बाटलीच्या बुचावर गुंडाळा, पातं लाकडी पाटावर सपाट ठेवा, धार पाटाच्या कडेच्या आत असू द्या. अधांतरी धरलेलं पातळ पातं दाबाने मोडतं. घासण्याची दिशा पाठीकडून धारेकडे किंवा लांबीच्या बाजूने. धारेकडून पाठीकडे कधीच नाही, कागद कापला जातो आणि पाठोपाठ बोट. सहा-सात तास लागतील, दोन-तीन संध्याकाळी धरा. खोल खड्डे पुरते काढायच्या नादाला लागू नका. तेवढं पोलाद घालवलं तर पोट पत्र्यासारखं होईल. काळे ठिपके राहू द्या. शेवटी हवी तर ऑटोसोलसारखी धातूची पेस्ट, कापडावर.

धार लावणं मात्र लिहून शिकवता येत नाही, तरी क्रम सांगतो. पूर्वी आमच्याकडे एकच निसणा असायचा, त्यावर पाणी आणि वडिलांचा हात. आता नंबरचे दगड मिळतात: १०००, ४०००, ८०००, शक्य असेल तर १२०००. दगड आधी सपाट करून घ्या, काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासून. पाठीवर विजेच्या कामाची काळी टेप एक पदर लावली की पाठ झिजत नाही. धारेच्या दोन्ही पट्ट्यांवर, म्हणजे दगडावर घासून धारेलगत दोन्ही अंगांना पडतात त्यांवर, मार्करने शाई लावा, हजारच्या दगडावर धार पुढे ठेवून दोन-चार फेऱ्या मारा आणि भिंगातून पहा. शाई अगदी कडेपर्यंत गेली का? मध्ये राहिली असेल तर अजून तिथे दगड पोचत नाही. वेळ खाणारं काम इथेच आहे. या टप्प्यावर दोन्ही पट्ट्या एका रेषेत मिळाल्या नाहीत, तर पुढे बारा हजार नंबरचा दगड आणा नाहीतर वीस हजारांचा दगड आणा, दाढी ओरबाडणारच. पुढच्या दगडांवर दाब कमी करत जायचा, शेवटी वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडे ते जड असतं, वाळलं की पांढरे डाग धरतं.

नंतर पट्टा. माझा पट्टा मिलमधल्या यंत्राच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा आहे, वडिलांनी आणलेला. आधी जाड सुती कापडावर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास-साठ. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे. परतताना वस्तरा पाठीवर वळवायचा. धारेवर वळवला की पट्टा चिरतो. पट्टा ताणलेला हवा, झोळ पडला तर धार गोल होते. घाई करू नका, सिनेमातल्यासारखा सटासट आवाज काढून काही मिळत नाही. डोक्याचा धुतलेला केस एका टोकाला धरून धारेवर सोडा. स्वतःहून तुटला तर गालावर जायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी फक्त दोन्ही गाल. हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग आठवड्याने. गरम पाणी, साबणाचा दाट फेस, दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली, वस्तरा सुमारे तीस अंशात आणि केसाच्या दिशेने. खेचल्यासारखं झालं तर थांबून पट्ट्यावर जा, जोर लावू नका.

आणि हा वस्तरा एकट्या तुमचा. भावालाही देऊ नका. एचआयव्हीची आणि काविळीची धास्ती लोकांत पोचली तेव्हा आमच्या दुकानातले वस्तरे धोकटीत गेले आणि अर्ध्या ब्लेडचं हत्यार आलं. ते योग्यच झालं. त्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. म्हणून सुरुवातीला, आणि नंतरही अधूनमधून, पातं साबणाने धुऊन, पुसून, सर्जिकल स्पिरिटने पुसा. ब्लीच लावू नका, गंज धरतो.

ठेवायची जागा: आपली हवा वर्षातले आठ महिने कोरडी, कोकणासारखा गंज इथे चढत नाही. पावसाळ्याचे चार महिने मात्र पात्याला मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं. न्हाणीघरात नको आणि ट्रंकेत तर नकोच.

तेलातून काढून पुसलात की टोकाकडच्या त्या ठिपक्याचा भिंगातून एक फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तो धारेपर्यंत उतरलेला असेल तर हजारच्या दगडाआधी काय करायचं ते वेगळं सांगावं लागेल. आणि दगड विकत घ्यायची घाई करू नका. सोमवारी दुकान बंद असतं, वस्तरा घेऊन या. पहिली धार माझ्या दगडावर लावू, तुम्ही शेजारी बसा.